‘अल्कात्राझ’ म्हणजे नक्की कोणता पक्षी? शब्द रहाटाच्या गाडग्यावरून आला की बुडी मारण्यावरून?

हर्णै_किनारा (प्रश्न)

नमस्कार मंडळी,

पावसाळ्यात वाऱ्यापावसाने थकून किनाऱ्यावर येऊन पडणाऱ्या समुद्री पक्ष्यांची ओळख करून देणारा एक फलक हर्णै-मुरुड भागासाठी तयार होतो आहे. त्यात बुबीची माहिती आहे आणि शेजारी एक चौकट ‘नावं कशी पडली’ या विषयाची. बुबीच्याच कुळातल्या गॅनेटला स्पॅनिशमध्ये ‘अल्कात्राझ’ म्हणतात, हे त्या चौकटीत घ्यायचं आहे. अडचण अशी की या शब्दाची तीन वेगवेगळी मुळं वाचायला मिळतात:

एक, अरबी ‘अल-क़ादूस’, म्हणजे रहाटाचं गाडगं. पेलिकनच्या चोचीखालच्या झोळीवरून हे नाव पडलं, असं म्हणतात.
दोन, अरबी ‘अल-ग़त्तास’, म्हणजे बुडी मारणारा.
तीन, मेक्सिकोत ‘अल्कात्राझ’ नावाचं पांढरं फूल आहे, त्यावरून पांढऱ्या पक्ष्याला नाव मिळालं.

यातलं फलकावर काय घालावं? आणि इंग्रजीतला ‘अल्बट्रॉस’ हा यातूनच निघाला का? आणखी एक. पोर्तुगिजांबरोबर रहाट कोकणात आला, म्हणून आपल्या वाड्यांतला रहाट आणि हा पक्षी यांचं शब्दाचं नातं आहे, असंही एका ठिकाणी लिहिलेलं आहे. ते खरं का?

---

आगरवाट

शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण त्याचं उत्तर सरळ ‘नाही’ असं आहे.

‘रहाट’ हा संस्कृत ‘अरघट्ट’ शब्दापासून प्राकृत ‘अरहट्ट’मार्गे आला आहे. पोर्तुगीज चौलला उतरण्याच्या कित्येक शतकं आधीपासून हा शब्द इथे आहे. पोर्तुगिजांकडून आपण पाण्याच्या भांड्याचं नाव घेतलं ते वेगळंच: ‘बाल्दे’वरून ‘बालदी’. ‘घमेलं’सुद्धा त्यांच्याच ‘गामेला’वरून. रहाटाच्या भांड्याला मात्र आपण कायम लोटे किंवा गाडगीच म्हणत आलो. तेव्हा फलकावर पोर्तुगीज-रहाट-पक्षी अशी साखळी अजिबात घालू नका.

पण ‘क़ादूस’ म्हणजे काय हे समजायला आपला रहाट फार उपयोगी आहे. अष्टागरातल्या नारळी-पोफळीच्या वाड्यांतला रहाट डोळ्यांसमोर आणा. बैल किंवा रेडा आडवं दातेरी चाक फिरवतो, ते उभ्या चाकाला फिरवतं, उभ्या चाकावरून लोट्यांची माळ विहिरीत उतरते. भरलेला लोटा वर येतो, चाकाच्या माथ्यावर उलटतो, पाणी पन्हळीत पडतं, तिथून डोणीत आणि मग पाटाने झाडांच्या आळ्यांत. स्पेन-पोर्तुगालमध्ये अरबांनी रुजवलेलं यंत्र जवळपास हेच. त्याचं नाव ‘नोरिया’, अरबी ‘नाऊरा’वरून. आणि त्याचं गाडगं म्हणजे अरबी ‘क़ादूस’, जो मुळात ग्रीक ‘कादोस’ (घडा). स्पॅनिशमध्ये त्याचं ‘अल्कादुथ’, ‘आर्कादुथ’ झालं, पोर्तुगीजमध्ये ‘अल्कात्रूझ’.

तिकडच्या गाडग्याच्या तळाला एक बारीक भोक ठेवत. उपडं गाडगं पाण्यात शिरताना आत हवा कोंडली तर ते तरंगू बघतं, बुडत नाही आणि अर्धवट भरतं. भोकातून हवा निघून गेली की नीट भरतं. शिवाय जनावर थांबवलं की माळेतलं पाणी हळूहळू गळून जातं, दोरावर रात्रभर ओझं राहत नाही. भोक मोठं झालं तर मात्र पाणी वर येईपर्यंत निम्मं सांडतं.

पोर्तुगालच्या दक्षिणेला, आल्गार्व्हच्या किनाऱ्यावर, हाच ‘अल्कात्रूझ’ शब्द ऑक्टोपस धरायच्या मडक्यांनाही आहे. दोराला ओळीने मडकी बांधून तळाशी सोडतात, ऑक्टोपस निवारा समजून आत शिरतो. म्हणजे गाडग्याचा शब्द वाडीतून समुद्रावर गेला हे नक्की. तो पक्ष्यावर जाऊन बसला का, हे भाषेच्या जाणकारांनी सांगावं.

---

धातुपाठ

आगरवाट यांनी ‘अल्कात्रूझ’ दिलं ते बरं झालं, सगळा गुंता तिथेच आहे.

आधी तिसरं मूळ बाजूला काढू. मेक्सिकोतलं ‘अल्कात्राझ’ फूल म्हणजे कॅला लिली. त्या नावाचा पक्ष्याशी काही संबंध नाही. जुन्या स्पॅनिशमध्ये कागदाच्या पुडीला ‘अल्कार्ताझ’ म्हणत, वाण्याकडे दाण्यांची करतात तशी शंकूची पुडी. ते आलं अरबी ‘क़िर्तास’ (कागद) वरून, आणि ते ग्रीक ‘खार्तेस’वरून. फुलाचा आकार पुडीसारखा, म्हणून ते नाव. पुढे र आणि त यांची अदलाबदल होऊन पुडी ‘अल्कात्राझ’ झाली आणि पक्ष्याच्या नावाशी ऐकायला एकसारखी झाली. दोन वेगळे शब्द झिजून एकाच रूपाला येणं ही व्युत्पत्तीतली नेहमीची फसगत आहे. आजचं रूप सारखं दिसतं एवढ्यावर कधीच विसंबू नये, जुनं रूप शोधावं.

आता उरले दोन. स्पॅनिशमध्ये आलेल्या अरबी शब्दांत ध्वनी कसे बदलले याचे बऱ्यापैकी पक्के नियम आहेत. एकेक अक्षर तपासू.

सुरुवातीचा ‘अल’ दोन्हींत चालतो. तो अरबी उपपद आहे, इंग्रजी ‘द’सारखा. स्पेनमध्ये लोकांनी शब्द बोलणाऱ्यांच्या तोंडून घेतले, म्हणून ‘अल’ चिकटूनच आला. आपल्याकडे अरबी शब्द फारसीमार्गे आले, त्यामुळे तो गळालेला. ‘क़ाझी’ आपल्याकडे ‘काझी’, तिकडे ‘अल्काल्दे’, आणि अर्थ झाला नगराध्यक्ष. ‘दीवान’ आपल्याकडे ‘दिवाण’, तिकडे ‘अदुआना’, म्हणजे जकातघर. जिथे मुळातच उपपद नव्हतं तिथे दोन्हीकडचे शब्द शेजारीशेजारी ठेवता येतात: आपला ‘फलाणा’ आणि त्यांचा ‘फुलानो’ हे एकच.

पुढचा ‘क’. अरबी क़ चा स्पॅनिशमध्ये बहुधा क होतो: ‘अल-क़स्र’चं ‘अल्काथार’. कधी ग होतो, जसं ‘अल-क़ुत्न’ (कापूस) चं ‘अल्गोदोन’. अरबी ग़ चा मात्र ग च होतो: ‘अल-ग़र्ब’ (पश्चिम) चं ‘आल्गार्व्ह’. म्हणजे ‘ग़त्तास’वरून ‘अल्गात्राझ’ अपेक्षित होतं. इथे गाडग्याच्या बाजूला एक गुण.

मधला ‘त्र’. ‘ग़त्तास’मध्ये र नाही, यावर पुष्कळ जण अडतात. पण त च्या मागे आगंतुक र येणं स्पॅनिशला नवं नाही. लॅटिन ‘स्तेल्ला’चं ‘एस्त्रेय्या’ (तारा), ‘तोनारे’चं ‘त्रोनार’ (गडगडणे), ‘रेस्तिस’चं ‘रिस्त्रा’ (लसणीची माळ). तेव्हा र ची अडचण नाही. उलट ‘क़ादूस’मध्ये मुळात द आहे, तो त व्हायला हवा आणि वर र यायला हवा. पोर्तुगीज ‘अल्कात्रूझ’मध्ये दोन्ही झालेलं दिसतं, म्हणून तेही शक्य. गुण सारखे.

आता स्वर, आणि माझ्या मते निकाल इथे लागतो. ‘क़ादूस’मध्ये दीर्घ ऊ आहे. तो ‘अल्कादुथ’मध्ये टिकला, ‘अल्कात्रूझ’मध्येही टिकला. मग पक्ष्याच्याच नावात ऊ चा आ का व्हावा? एकाच पोर्तुगीज भाषेत गाडगं ‘अल्कात्रूझ’ आणि पक्षी ‘अल्कात्राझ’ असे दोन्ही शब्द आजही आहेत. ‘ग़त्तास’मध्ये मात्र दीर्घ आ आयता आहे. स्पेनमधल्या अरबीत दीर्घ आ पुष्कळदा ए-ई कडे झुकायचा, पण शेजारी जड त (अरबीतला घसा आवळून उच्चारायचा त) असेल तर झुकत नसे. इथला त जडच आहे. म्हणून ‘तास’चा आ तसाच राहिला.

शेवटच्या स चा झ किंवा थ होणं दोन्हींत नियमाला धरूनच आहे.

माझं मत असं: मूळ शब्द ‘ग़त्तास’, आणि त्यावर ‘अल्कात्रूझ’ची छाया पडली. किनाऱ्यावरच्या लोकांच्या तोंडात गाडग्याचा शब्द रोजचा होता, तेव्हा ग चा क आणि मधला र त्या ओळखीच्या शब्दाच्या ओढीने आला असावा. अभ्यासकांत यावर एकमत नाही, म्हणून फलकावर ‘बहुधा’ हा शब्द हवाच.

---

काकण

ध्वनीचं धातुपाठ यांनी पाहिलं, मी पक्ष्याच्या बाजूने बघतो. पक्ष्याच्या नावाची व्युत्पत्ती करताना ‘हे नाव ठेवणाऱ्या माणसाला रोज कोणता पक्षी दिसत होता’ हे आधी विचारावं. नुसता कोश उघडून बसलं की ते राहून जातं.

स्पेन-पोर्तुगालच्या समुद्रावर पेलिकन रोज दिसत नाही. रोज दिसतो तो गॅनेट. उत्तर अटलांटिकच्या कड्यांवर वीण झाली की हिवाळ्यात हे पक्षी हजारोंनी त्या किनाऱ्यावरून दक्षिणेला पश्चिम आफ्रिकेपर्यंत उतरतात. अंगाने पांढरे, पंखांची टोकं काळी, पंखांचा विस्तार पावणेदोन मीटरच्या आसपास. आणि मासा धरायची रीत: वीस-तीस मीटरवरून पंख मागे ओढून सरळ सूर मारायचा. पाणी कारंजासारखं उडतं. कोळ्याने हे बघून त्या पक्ष्याला ‘बुडी मारणारा’ म्हणणं अगदी साहजिक आहे. ‘ग़त्तास’ हा शब्द अरबीत समुद्री गरुडाला वापरला जात असे, असंही कोशांत सापडतं. तेही पाण्यावर झेपावून मासा उचलणाऱ्याचंच नाव.

रहाटाच्या गाडग्याची कल्पना पेलिकनला लागू पडते हे खरं. आपण त्याला झोळीवाला म्हणतो, हिंदीतलं ‘हवासिल’ही अन्नपिशवीच्या अरबी शब्दावरून आहे, आणि अरबीत त्याला ‘सक़्क़ा’, म्हणजे पाणक्या, असंही म्हणत. पेलिकन चोचीतून पिल्लांसाठी पाणी नेतो, अशी जुनी समजूत होती. प्रत्यक्षात तो पाणी नेत नाही. झोळीत मासे आणि पाणी एकदम भरून घेतो, मग चोच छातीकडे टेकवून पाणी गाळून टाकतो आणि मासे गिळतो. आपल्या देशात दिसणारे झोळीवाले पोहता पोहता झोळीने उपसतात, उंचावरून सूर मारत नाहीत.

मग अमेरिकेत ‘अल्कात्राझ’ हे नाव पेलिकनला कसं लागलं? तिथला तपकिरी पेलिकन हा पेलिकनांत वेगळा आहे. तो गॅनेटसारखा दहा-पंधरा मीटरवरून सूर मारून मासा धरतो. स्पॅनिश खलाशांनी ओळखीची हालचाल पाहिली आणि ओळखीचं नाव दिलं. झोळीवरून नाव दिलं असतं तर ते सगळ्याच पेलिकनांना लागायला हवं होतं, पण जुन्या जगातल्या पेलिकनला स्पॅनिशमध्ये ‘पेलीकानो’च म्हणतात.

याला एक भक्कम आधारही आहे. कोलंबसच्या पहिल्या सफरीच्या रोजनिशीत (ती लास कासास या स्पॅनिश धर्मगुरूने केलेल्या गोषवाऱ्याच्या रूपात उरली आहे) १९ सप्टेंबर १४९२ ची नोंद अशी की सकाळी दहाला जहाजावर एक अल्कात्राझ आला, संध्याकाळी दुसरा दिसला, आणि हे पक्षी जमिनीपासून वीस लीगच्या (लीग म्हणजे अंतराचं जुनं माप) पलीकडे सहसा जात नाहीत. जहाज तेव्हा भर अटलांटिकमध्ये होतं, जमीन दिसली ती १२ ऑक्टोबरला. इतक्या खोल समुद्रात पेलिकन असणं शक्यच नाही. तो बुबी किंवा गॅनेट असणार. म्हणजे अमेरिकेतला पेलिकन दिसायच्या आधीच हा शब्द सूर मारणाऱ्या समुद्रपक्ष्याला लावला जात होता. ‘पेलिकन आधी, बाकीचे नंतर’ हा नेहमी सांगितला जाणारा क्रम या नोंदीसमोर टिकत नाही.

ब्राझीलमध्ये साओ पाउलोच्या किनाऱ्यासमोर ‘अल्कात्राझेस’ नावाची बेटं आहेत, तिथे फ्रिगेट पक्ष्यांची मोठी वसाहत आहे. एकच नाव तीन कुळांवर फिरलं आहे. म्हणून जुन्या लिखाणात हा शब्द आला की ठिकाण आणि वागणूक बघून पक्षी ठरवावा, थेट ‘पेलिकन’ असं भाषांतर करू नये.

---

हर्णै_किनारा

खूप आभार. म्हणजे बुडी मारणारा हेच मुख्य मूळ धरतो. अल्बट्रॉसचं राहिलं. शिवाय ‘बुबी’ हे नावही स्पॅनिश आहे असं कळलं, आणि ते आपल्या ‘बोबडा’शी जुळतं का? अमेरिकेतल्या ‘अल्कात्राझ’ या एकेकाळच्या कैद्यांच्या बेटाबद्दल मुलं हमखास विचारतील, त्याचंही दोन वाक्यांत सांगा.

---

धातुपाठ

बेट: १७७५ मध्ये हुआन मान्युएल दे आयालाने सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागराचा नकाशा केला, तेव्हा एका बेटाला ‘अल्कात्राझांचं बेट’ असं नाव दिलं. ते बहुधा शेजारचं, आज येर्बा बुएना म्हणतात ते. १८२६ च्या इंग्रज नकाशात नाव सरकून आताच्या बेटावर बसलं. तिथले अल्कात्राझ म्हणजे तपकिरी पेलिकन.

अल्बट्रॉस: हो, यातूनच. इंग्रज खलाशांनी सोळाव्या शतकात ‘अल्कात्रास’ उचलला, तो आधी भलत्याच पक्ष्यांना लावला आणि पुढे दक्षिण समुद्रातल्या अजस्र पक्ष्यावर तो स्थिरावला. मधला क जाऊन ब आला तो लॅटिन ‘आल्बुस’, म्हणजे पांढरा, याच्या ओढीने. या बदलाचा एक साक्षीदार आपल्या ओळखीचा आहे. मुंबई आणि कोकणपट्टीचं वर्णन करून ठेवणारा इंग्रज वैद्य जॉन फ्रायर. १६७३ च्या सुमारास हिंदुस्थानाकडे येताना आशा-अंतरीपाशी (केप ऑफ गुड होप) त्याला हे पक्षी भेटले, आणि १६९८ मध्ये छापलेल्या त्याच्या वृत्तांतात ‘आल्बेट्रॉस’ अशा रूपात ते नाव आहे. पंख शरीराच्या मानाने फारच लांब असल्याचं त्याने टिपलं आहे. ब तोवर येऊन बसला होता.

बुबी: स्पॅनिश ‘बोबो’ म्हणजे भोळसट, बावळट. जहाजावर निर्धास्त येऊन बसायचे आणि हाताने धरले जायचे, म्हणून खलाशांनी ठेवलेलं नाव. ‘बोबो’ आला लॅटिन ‘बाल्बुस’ (तोतरा) वरून. ‘बोबडा’शी जोडण्याचा मोह होतो, पण जोडू नका. अडखळत्या बोलण्याची नक्कल म्हणून ब-ब असे शब्द अनेक भाषांत आपापले तयार होतात. त्यांच्यात ध्वनिनियमांचं नातं दाखवता येत नाही.

खरं नातं हवं असेल तर ते ‘गॅनेट’मध्ये आहे. जुन्या इंग्रजीत ‘गानोट’, त्याचं मूळ तेच जे जर्मन ‘गान्स’चं आणि स्पॅनिश ‘गान्सो’चं, म्हणजे बदकहंस. आणि संस्कृत ‘हंस’ही त्याच मूळ शब्दाचा. आरंभीचा घ-सारखा ध्वनी संस्कृतात ह झाला, जर्मानिक भाषांत ग झाला, आणि हा बदल इतर शब्दांतही त्याच नियमाने दिसतो. म्हणून हे नातं मानायचं आणि ‘बोबडा’चं नाही. पाणकावळ्याचीही गंमत पाहा. ‘कॉर्मोरंट’ हे लॅटिन ‘समुद्रकावळा’वरून आहे. तिथे शब्द वेगळे, पण नाव ठेवण्याची रीत आपल्यासारखीच.

चौकटीसाठी मजकूर असा करता येईल:

‘गॅनेट हा बुबीच्या कुळातला पक्षी. त्याचं स्पॅनिश नाव अल्कात्राझ हे बहुधा अरबी अल-ग़त्तास, म्हणजे बुडी मारणारा, यावरून आलं. रहाटाच्या गाडग्याच्या अल-क़ादूस या नावाचाही त्यावर परिणाम झालेला असावा. अमेरिकेत हे नाव सूर मारणाऱ्या तपकिरी पेलिकनला मिळालं. अल्बट्रॉस हा इंग्रजी शब्द याच नावाचं बदललेलं रूप आहे.’

उच्चाराचं एक. स्पेनमध्ये शेवटचं अक्षर थ सारखं, अमेरिकेतल्या स्पॅनिशमध्ये स सारखं, पोर्तुगालमध्ये श सारखं. त मात्र सगळीकडे दंत्य. मराठीत ‘अल्कात्राझ’ लिहावं, ‘ट्रा’ ही इंग्रजीची सवय आहे.

---

काकण

फलकावर बुबी आहेच, तर आणखी एक ओळ चौकटीबाहेर ठळक घाला. नावापेक्षा ती पक्ष्याच्या जास्त कामाची आहे, आणि तिचं कारणही सूर मारण्यातच आहे.

गॅनेट आणि बुबी यांच्या चोचीवर उघड्या नाकपुड्या नसतात. एवढ्या वेगाने पाण्यात शिरताना पाणी आत घुसू नये म्हणून त्या बंद झालेल्या आहेत, आणि पक्षी चोचीच्या कडांतून श्वास घेतो. किनाऱ्यावर थकलेला बुबी सापडला की तो चोच मारतो. चोच मोठी, धारदार आणि कडेने दातेरी असते, म्हणून लोक तिला रबर किंवा चिकटपट्टी लावून टाकतात. घट्ट बांधलेल्या चोचीने पक्षी गुदमरून मरतो. चोच बांधायची नाही. जाड टॉवेल अंगावर टाकून पंख शरीराशी धरायचे, डोकं मागून हलकेच आवरायचं, तोंड आपल्या चेहऱ्यापासून लांब ठेवायचं.

खोक्याला भोकं पाडा, तळाला कोरडं कापड घाला, सावलीत आणि शांत जागी ठेवा. घशात पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं. मासा कोंबू नका. ‘समुद्राचा आहे’ म्हणून लाटांत परत सोडू नका. पिसं भिजलेली आणि अंगात ताकद नसलेला पक्षी पुढच्या लाटेत बुडतो. लगेच वनविभागाला कळवा, आणि सापडलेली जागा व वेळ लिहून खोक्यावर चिकटवा.